पाइप शाबूत, एल्बो फुटला: पीव्हीसी मोल्डिंग समजून घेताना

गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी लाइन गळायला लागली की प्लंबर आधी सांधे तपासतो. बहुतेक वेळा पाइप धडधाकट असतो आणि एल्बो नाहीतर टी तडकलेली सापडते. दोन्ही पीव्हीसीचे, दोन्ही एकाच दुकानातून आणलेले. मग एक टिकतो आणि दुसरा फुटतो, असं का? त्यातच २०२१ मध्ये केंद्र सरकारने पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधून शिशाचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे नियम काढले. दुकानात 'लेड फ्री' असे शिक्के दिसू लागले आणि इतकी वर्षं आपण काय पीत होतो, असाही प्रश्न लोकांना पडू लागला.

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. पीव्हीसीला उष्णता सोसत नाही. सलग पाइप काढताना ही खोड सांभाळणं त्यामानाने सोपं जातं. साच्यात दाबून फिटिंग बनवताना मात्र ती पावलोपावली आडवी येते.

अर्ध्याहून जास्त मीठच

पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. वजनाने पाहिलं तर त्यातला सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीन, आणि हा क्लोरीन येतो साध्या मिठापासून. उरलेला भाग तेल किंवा नैसर्गिक वायूतून मिळणाऱ्या इथिलीनचा. पॉलिथिनसारखी प्लास्टिकं जवळजवळ पूर्णपणे तेलावर अवलंबून असतात, पीव्हीसी तसं नाही. ते स्वस्त असण्याचं हे एक मोठं कारण. आपल्याकडे रत्नागिरीजवळ रनपारला फिनोलेक्सचा रेझिनचा कारखाना आहे, जळगावात पाइपचा मोठा उद्योग आहे. तरी देशाच्या गरजेतला मोठा हिस्सा आजही आयात होतो.

कारखान्यातून पीव्हीसी बाहेर पडतं ते पांढऱ्या पावडरीच्या रूपात. या पावडरीला 'रेझिन' म्हणतात. पॉलिथिनचे दाणे तापवले की ते वितळतात आणि काम सुरू होतं. पीव्हीसीची नुसती पावडर तापवली तर ती नीट वितळायच्या आतच पिवळी पडते, मग तपकिरी, मग काळी. १८७२ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ बाउमान यांनी उन्हात ठेवलेल्या नळीत पहिल्यांदा हा पांढरा पदार्थ पाहिला, पण त्याचं काय करायचं हे पुढची पन्नासेक वर्षं कुणालाच नीट सुटलं नाही. त्याचं कारण हेच.

जळतं म्हणजे नेमकं काय होतं

पीव्हीसीच्या अणूंच्या लांबलचक साखळीला जागोजागी क्लोरीन लटकलेला असतो. तापमान वाढलं की एखाद्या कमकुवत जागी क्लोरीन शेजारच्या हायड्रोजनला घेऊन सुटतो आणि हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो. ओलावा मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे संडास धुवायच्या अॅसिडमधलं आम्ल. एक रेणू सुटला की त्याच्या शेजारची जागा कमकुवत होते, मग तिथलाही सुटतो. शिवाय सुटलेलं आम्लच पुढच्या विघटनाला वेग देतं.

खवा आटवताना हात थांबला की तळाला थोडासाच भाग लागतो, पण जळका वास सगळ्या कढईला येतो. पीव्हीसीचं अगदी तसंच आहे. मशीनच्या कोपऱ्यात चमचाभर माल अडकून जळला तरी तो आसपासच्या चांगल्या मालालाही बिघडवतो. पीव्हीसीच्या मोल्डिंगमधले जवळजवळ सगळे नियम इथून निघतात: माल कुठे थांबू द्यायचा नाही, गरजेपेक्षा जास्त तापू द्यायचा नाही, आत गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवायचा नाही.

पाइप आणि फिटिंगचा माल एक नसतो

पाइप 'एक्स्ट्रुजन'ने बनतो. तापलेला माल डायमधून सलग बाहेर ढकलला जातो, शेव पाडतात तसा. घाई नाही, दाबही बेताचा. फिटिंग बनतं 'इंजेक्शन मोल्डिंग'ने: वितळलेला माल दोन-चार सेकंदांत, मोठ्या दाबाने, अरुंद वाटेने बंद साच्यात भरायचा, थंड होऊ द्यायचा, साचा उघडून वस्तू काढायची.

अरुंद वाटेने जोरात ढकललं की माल स्वतःच्याच घर्षणाने तापतो. त्यामुळे फिटिंगसाठी सहज वाहणारं रेझिन लागतं. ते मोजायचं माप म्हणजे 'के-व्हॅल्यू'. साखळी जितकी लांब, तितका हा आकडा मोठा. पाइपसाठी साधारण के-६५ ते के-६७ वापरतात, फिटिंगसाठी के-५७ ते के-६०. आखूड साखळीचा माल चांगला वाहतो, पण लांब साखळीच्या मालाइतका चिवट नसतो. फिटिंग पाइपपेक्षा जाड ठेवतात त्यामागे हेही एक कारण आहे. आणि म्हणूनच, पैसे वाचवायला फिटिंगची जाडी कमी करणं हा पाइपची जाडी कमी करण्यापेक्षा जास्त धोक्याचा प्रकार आहे.

पावडरीत काय काय पडतं

या धंद्यात सगळं प्रमाण १०० भाग रेझिनमागे सांगतात. पाण्याच्या फिटिंगचं एक सर्वसाधारण मिश्रण असं असतं:

- रेझिन, के-५७: १०० भाग
- टिनचा स्टॅबिलायझर: १.५ ते २ भाग (कॅल्शियम-झिंक असेल तर ३ ते ४)
- धक्का सोसण्यासाठी इम्पॅक्ट मॉडिफायर: ३ ते ८ भाग
- माल एकजीव होण्यासाठी प्रोसेसिंग एड: १ ते २ भाग
- कॅल्शियम स्टिअरेट आणि मेण, वंगण म्हणून: मिळून १ ते २ भाग
- टायटॅनियम डायऑक्साइड, पांढऱ्या रंगासाठी आणि उन्हापासून बचावासाठी: १ ते २ भाग
- लेप दिलेला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू: २ ते ५ भाग

स्टॅबिलायझरचं काम सुटणारं आम्ल पकडणं आणि साखळीतल्या कमकुवत जागा बुजवणं. तो खर्च होत जातो, एकदा संपला की संपला. वंगण कमी पडलं तर माल धातूला चिकटून जळतो. जास्त झालं तर कण एकमेकांवरून नुसते घसरतात, एकजीव होत नाहीत आणि साच्यात दोन बाजूंनी आलेले प्रवाह नीट जुळत नाहीत. या यादीत सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं ते इथेच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं.

मिसळणं म्हणजे नुसतं ढवळणं नव्हे. वेगवान मिक्सरमध्ये पाती फिरून घर्षणानेच माल ११० ते १२० अंशांपर्यंत तापवतात. टिनचा स्टॅबिलायझर ६० अंशांच्या आसपास, म्हणजे लवकर, घालतात. खडू नंतर, नाहीतर तो बाकीची द्रव्यं शोषून बसतो. गरम माल लगेच दुसऱ्या, थंड मिक्सरमध्ये सोडून ४५ ते ५० अंशांवर आणायचा. तो गरमच पोत्यात भरला तर गठ्ठे होतात. मग काही तास मुरू द्यायचा. लहान कारखाने या भानगडीत न पडता तयार दाणा विकत घेतात. महाग पडतो, पण नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी.

साधं मशीन चालत नाही का?

मशीन चालतं, त्यातले काही भाग बदलावे लागतात. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि पॉलिथिनसाठी, माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूच्या टोकाला एक सरकती रिंग असते, ती माल मागे जाऊ देत नाही. पीव्हीसीला ही रिंग म्हणजे माल अडकायची हक्काची जागा. ती काढून साधी टोकदार टिप लावतात, जी पुढच्या शंकूत नेमकी बसते आणि प्रत्येक शॉटला, म्हणजे साच्यात माल भरायच्या प्रत्येक वेळी, तिथला माल पुसून पुढे नेते. बदल्यात थोडा माल मागे गळतो, तेवढं सोसायचं. स्क्रू पूर्ण पुढे आल्यावर समोर दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जास्त माल शिल्लक ठेवत नाहीत.

स्क्रूचा दाबही कमी हवा. माल आत घेणाऱ्या भागातल्या खाचेची खोली आणि टोकाकडच्या खाचेची खोली यांचं प्रमाण पीव्हीसीसाठी साधारण दोनास एक किंवा त्याहून कमी ठेवतात. नोझल, म्हणजे माल साच्यात सोडणारं तोंड, उघडं, झडप नसलेलं, भोक किमान सहा मिलीमीटरचं. आम्लामुळे साधं स्टील खाल्लं जातं, म्हणून स्क्रूवर हार्ड क्रोम आणि साच्याला ४२० जातीचं स्टेनलेस स्टील, ४८ ते ५२ रॉकवेलपर्यंत (हे कडकपणाचं माप) कडक केलेलं. पी-२० स्टीलचा साचा स्वस्तात होतो, पण पीव्हीसीवर तो लवकर गंजतो आणि खड्ड्यांचा ठसा प्रत्येक फिटिंगवर उमटतो.

सेटिंगचे आकडे: हॉपरकडचा, म्हणजे माल ओततात त्या बाजूचा पट्टा १५० ते १६० अंश, मधले १६५ ते १८०, नोझल १८५ ते १९५. मालाचं खरं तापमान १९० ते २०५ मध्ये राहिलं पाहिजे. पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबून राहू नये. घर्षणामुळे माल पॅनेलपेक्षा दहा-वीस अंशांनी जास्त गरम असू शकतो. म्हणून सुईचा थर्मामीटर बाहेर काढलेल्या मालात खुपसून पाहायचा. ५० मिलीमीटरचा स्क्रू मिनिटाला ६० फेरे फिरला की त्याच्या कडेचा वेग सेकंदाला १६ सेंटिमीटरच्या आसपास होतो. त्यापलीकडे जाऊ नये. साचा ३० ते ६० अंशांवर.

मिनिटांचा हिशोब

नवीन साचा लावताना ज्याचा सहसा कुणी विचार करत नाही, असं एक सोपं गणित आहे. समजा बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रू फिरतो त्या नळकांड्यात, एका वेळी ४०० ग्रॅम माल मावतो, एका शॉटला १०० ग्रॅम लागतो आणि सायकल, म्हणजे एका शॉटपासून पुढच्या शॉटपर्यंतचा वेळ, ४० सेकंदांची आहे. आत शिरलेला दाणा चार शॉटनंतर बाहेर पडतो, म्हणजे तो १६० सेकंद आत राहिला. काहीच अडचण नाही.

आता त्याच मशीनवर ४० ग्रॅमचा छोटा कपलर लावला. सायकल तीच धरली तर दाण्याला बाहेर यायला दहा शॉट लागतात. ४०० सेकंद, पावणेसात मिनिटांच्या आसपास. २०० अंशांवर पीव्हीसी तीन ते पाच मिनिटांपलीकडे ठेवू नये, हा कारखान्यातला ठोकताळा. तोच दाणा, तीच सेटिंग, तोच ऑपरेटर, आणि माल पिवळा पडतो. मग दोष दाण्याला दिला जातो. खरा इलाज म्हणजे लहान मशीन घेणं किंवा साच्यात वस्तूंची संख्या वाढवणं. मशीन एका शॉटला जास्तीत जास्त जेवढा माल ढकलू शकतं (बॅरलमध्ये मावणारा सगळा माल नव्हे), त्याच्या ४० ते ७५ टक्क्यांत शॉट बसावा.

उलट बाजूने भिंतीची जाडी त्रास देते. थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो: तीन मिलीमीटरऐवजी सहा मिलीमीटर केली की चौपट. सायकल लांबते आणि बॅरलमधला माल तितका जास्त वेळ ताटकळत राहतो. जाड फिटिंगच्या पोटात जळके पट्टे दिसतात ते बरेचदा यामुळे.

एल्बो नेमका कुठे फुटतो

फुटलेला एल्बो हातात घेऊन पाहा. बाहेरच्या बाजूला कुठेतरी एक गोल, कापल्यासारखी खूण दिसेल. तो गेट, इथून माल आत आला. आता तड कुठे गेली आहे ते पाहा. बहुतेकदा ती गेटच्या बरोबर समोरच्या बाजूला, सरळ रेषेत असते.

कारण असं. एल्बो पोकळ ठेवायला साच्यात दोन लोखंडी कोअर दोन्ही तोंडांकडून आत येऊन भेटतात. गेटमधून आलेला माल कोअरवर आदळतो, दोन प्रवाहांत फुटतो आणि कोअरला वळसा घालून पलीकडे पुन्हा एकत्र येतो. या जोडाला 'वेल्ड लाइन' म्हणतात. दोन्ही तोंडं तिथे पोहोचेपर्यंत थोडी थंड झालेली असतात, त्यांच्यापुढे हवा कोंडलेली असते. माल गरम, वेगवान आणि हवेला वाट असेल तर जोड चांगला बसतो. माल गार किंवा वंगणाने तेलकट झालेला असेल तर वरून गुळगुळीत दिसणारा एल्बो आतून नुसता चिकटवलेला असतो. पाइपमध्ये अशी अडथळ्यापलीकडची जोडरेषा लांबच्या डायमध्ये, दाबाखाली, सावकाश मुरते. फिटिंगला तेवढी सवड मिळत नाही.

हवेसाठी साच्याच्या जोडावर ०.०२ ते ०.०४ मिलीमीटर खोल खाचा ठेवतात. पीव्हीसीच्या वाफेने त्या महिनाभरात बुजतात. बुजल्या की कोंडलेली हवा दाबाने तापते आणि वेल्ड लाइनवर तपकिरी डाग उठतो. असा डाग दिसला की तापमानाशी खेळण्याआधी साचा पुसून घ्यावा.

कारखान्यात याची परीक्षा भट्टीत होते. फिटिंग १५० अंशांच्या गरम हवेत जाडीप्रमाणे १५ ते ३० मिनिटं ठेवतात. आत कोंडलेला ताण मोकळा होतो, वेल्ड लाइन कच्ची असेल तर उघडते, गेटजवळचे थर सुटतात, फोड येतात. दुसरी परीक्षा अॅसिटोनची: तुकडा २० मिनिटं बुडवून ठेवायचा. कण एकजीव झालेले नसतील तर कापलेली कड पिसाऱ्यासारखी सुटते. ही घरच्या ओव्हनमध्ये करून पाहायची गोष्ट नाही.

डाग बघून दोष ओळखणं

गेटपासून पंख्यासारखे पसरलेले तपकिरी पट्टे असतील तर माल गेटमध्येच घासून जळतोय. वेग कमी करा, तेवढ्याने भागलं नाही तर गेट मोठं करा. पीव्हीसीला पिनसारखं बारीक गेट मानवत नाही. रनर, म्हणजे गेटपर्यंत माल नेणारी वाट, गोल, सहा ते दहा मिलीमीटर व्यासाचा, कोपरे नसलेला हवा.

अधूनमधून येणारे काळे ठिपके म्हणजे कुठेतरी जुना माल अडकून कोळसा झालाय आणि त्याचे तुकडे निघतायत. तापमान कमी करून ते जात नाहीत. नोझल, शंकू आणि टिप उघडून पितळी ब्रशने साफ करणं एवढाच उपाय.

चंदेरी रेघा दोन कारणांनी येतात: दमट माल किंवा सुरू झालेलं विघटन. पीव्हीसी पाणी फारसं पीत नाही, पण कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या पोत्यातल्या दाण्यावर ओल धरतेच. ६० ते ७० अंशांवर तासभर वाळवून पाहावं. तरी रेघा राहिल्या आणि मशीनजवळ नाक झोंबत असेल, तर ते विघटन आहे.

फिटिंग पांढरंशुभ्र, चकचकीत, पण फरशीवर आपटलं की काचेसारखं फुटतं, हा सगळ्यात फसवा दोष. जळण्याच्या भीतीने ऑपरेटरने तापमान इतकं खाली ठेवलेलं असतं की पावडरीचे कण एकमेकांत विरघळलेलेच नसतात. कमी तापवलेला पीव्हीसी जळलेल्यापेक्षा वाईट. जळलेला निदान डोळ्यांना दिसतो.

वीज गेली तर?

पॉलिथिन चालू असताना वीज गेली तर लोक चहाला जातात. पीव्हीसी चालू असेल तर धावपळ होते, कारण बॅरल कितीतरी वेळ गरमच राहतं आणि आतला माल जागेवर थांबलेला असतो. पाच मिनिटांत वीज आली तर लगेच नोझल साच्यापासून मागे घेऊन रंग स्वच्छ येईपर्यंत माल बाहेर सोडायचा. बॅरल थंड झालं असेल तर पुन्हा तापवताना थेट १९० वर न्यायचं नाही. आधी १४० च्या आसपास सगळीकडे सारखं तापू द्यायचं, मग झटकन वर नेऊन लगेच बाहेर सोडायचं. या वेळी नोझलसमोर कुणी उभं राहायचं नाही. आत वायू कोंडला असेल तर गरम मालाची पिचकारी उडते.

काम संपताना हॉपर बंद करून पीव्हीसी पूर्ण काढायचा, त्यामागून पीपी, पॉलिथिन किंवा पॉलिस्टायरिन सोडून बॅरल धुऊन घ्यायचं आणि मगच हीटर बंद. साचा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, वाळवून, गंजरोधक तेल मारून ठेवायचा.

आणि एक गोष्ट मशीनवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी: पीव्हीसीनंतर त्याच बॅरलमध्ये अॅसेटल, म्हणजे पीओएम, कधीही घालायचा नाही. पीओएमनंतर पीव्हीसीही नाही. पीव्हीसीचं आम्ल अॅसेटलला झपाट्याने फोडतं, फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो आणि बॅरलमधला दाब स्फोट व्हावा इतका वाढू शकतो. मध्ये तिसऱ्या प्लास्टिकने पूर्ण सफाई झालीच पाहिजे, आणि ती झाल्याची खात्री नसेल तर दुसरं मशीन वापरावं.

एवढा त्रास, मग पीपी का नाही वापरत?

तीन कारणं, आणि पहिलं सगळ्यात भारी. पीव्हीसी सोल्यूशनने जोडता येतं. सोल्यूशन पाइप आणि सॉकेटचा पृष्ठभाग विरघळवतं, ते सुकलं की दोन्ही एकजीव होतात. पीपी आणि पॉलिथिन असे विरघळत नाहीत, त्यांना तापवून जोडायला यंत्र लागतं. खेड्यातला शेतकरी करवत आणि सोल्यूशनचा डबा घेऊन स्वतः लाइन टाकतो, ते पीव्हीसी आहे म्हणून.

दुसरं कारण माप. थंड होताना पीव्हीसी ०.२ ते ०.५ टक्केच आकसतो. ६३ मिलीमीटरच्या सॉकेटला ०.४ टक्के धरले तर पाव मिलीमीटर. पॉलिथिनला दोन टक्के धरले तरी सव्वा मिलीमीटर होतात, आणि सोल्यूशनच्या जोडाला एवढी ढिलाई परवडत नाही. तिसरं, पीव्हीसी स्वतःहून पेट धरत नाही, ज्योत काढली की विझतं. मात्र आगीत सापडलं तर त्याचा धूर आम्लाचा असतो, हे विसरू नये.

त्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. साध्या पीव्हीसी पाइपची दाबाची क्षमता आयएस ४९८५ या भारतीय मानकात २७ अंशांवर धरलेली आहे. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरचा पाइप त्यापेक्षा बराच तापतो, तेव्हा ती क्षमता कमी होते. सोलर हीटरच्या गरम लाइनला सीपीव्हीसी लागतं. त्यात क्लोरीन आणखी जास्त असतो, त्याचं मोल्डिंग याहून नाजूक, आणि त्याचं सोल्यूशनही वेगळं.

शिशाचं काय?

शिशाचे क्षार पीव्हीसीत कुणी भेसळ म्हणून घातले नव्हते. ते फार चांगले स्टॅबिलायझर होते. आम्लाशी मिळून जो क्षार बनतो तो पुढच्या विघटनाला वेग देत नाही, स्वस्त पडतात आणि ऑपरेटरची चूकही पोटात घालतात. जस्ताचं तसं नाही. जस्ताचा क्लोराइड साठला की माल एकदम काळा पडतो, म्हणून त्याच्या जोडीला कॅल्शियम लागतं. शिसं काढलं की तापमान आणि वेळेची शिस्त जास्त कडक पाळावी लागते. काही लहान उत्पादकांना बदल जड गेला तो किमतीइतकाच या शिस्तीमुळेही.

शिसं पाण्यात उतरतं ते मुख्यतः पाइपच्या आतल्या पृष्ठभागावरून, नव्या लाइनमधून जास्त, पाणी साचून राहिलं तर आणखी जास्त. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात जुनी लाइन असेल तर रात्रभर साचलेलं पाणी पिण्यासाठी न धरता आधी वाहू द्यावं.

दुसरी भीती व्हिनाइल क्लोराइड या मूळ वायूची. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिल इथल्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांत यकृताचा एक दुर्मिळ कर्करोग आढळला आणि तो या वायूमुळे होतो हे स्पष्ट झालं. तेव्हापासून रेझिनमधला उरलेला वायू काढून टाकतात, तो दहा लाखांत एक भागाच्या आत ठेवतात. हा धोका रेझिन बनवणाऱ्या कारखान्यातला. मोल्डिंगच्या शेडमध्ये रोजचा धोका आम्लाच्या वाफेचा, आणि त्यासाठी मशीनवर हवा खेचणारं हूड हवंच. दार उघडं ठेवणं पुरेसं नाही.

दुकानात काय बघावं

'वजनदार म्हणजे चांगलं' हा समज पीव्हीसीत उलटा पडतो. चांगल्या पीव्हीसीची घनता १.४ च्या आसपास, खडूची २.७. शंभर भाग रेझिनमध्ये ४० भाग खडू घातला तर घनता १.६ वर जाते, म्हणजे तेवढ्याच आकाराचं फिटिंग सुमारे १५ टक्के जड होतं, आणि ठिसूळही. जाडी सारखी असूनही वजन जास्त लागत असेल तर शंका घ्यावी. तुटलेली कड मातीच्या कौलासारखी भुरभुरीत दिसत असेल तर शंकाही राहत नाही.

पाण्याच्या मोल्डेड फिटिंगसाठी आयएस ७८३४ आणि सांडपाण्याच्या फिटिंगसाठी आयएस १४७३५ ही मानकं आहेत, तो क्रमांक आयएसआय चिन्हाबरोबर छापलेला पाहावा. नळ बसवायच्या जागी आतून आटे असलेलं नुसतं प्लास्टिकचं फिटिंग घेऊ नये, पितळी आटे बसवलेलं घ्यावं. प्लंबर टेफ्लॉन टेपचे दहा वेढे देऊन पान्याने आवळतो तेव्हा ते फिटिंग आतून उकलायला बघत असतं, आणि ते उकलतं वेल्ड लाइनवर.

बसवणाऱ्याच्या चुकाही पुष्कळ. सॉकेटमध्ये सोल्यूशन ओतलं तर ते तळाला साचून भिंत मऊ करत राहतं. पातळ थर पुरतो. पाइप तळापर्यंत घालून पाव वळसा द्यावा, अर्धा मिनिट धरून ठेवावा, आणि पूर्ण दाब दुसऱ्या दिवशी द्यावा. उन्हात दहा मीटरचा पाइप ३० अंशांनी तापला तर सुमारे २० मिलीमीटर लांबतो. तो दोन्ही टोकांना पक्का जखडला असेल तर ही ओढाताण एल्बोच्या वळणावर येते.

तुटलेल्या फिटिंगचं पुढे काय

कारखान्यातले स्वच्छ स्प्रू आणि रनर, म्हणजे साच्यातल्या वाटांत गोठलेला माल, दळून नव्या मालात १० ते २० टक्के मिसळता येतात. त्यांच्यातला स्टॅबिलायझर एकदा वापरला गेलेला असतो, म्हणून थोडा नवा घालावा लागतो. जळका तुकडा मात्र एकही जाऊ द्यायचा नाही. घरातलं जुनं फिटिंग भंगारात द्यावं, पण पाण्याच्या बाटल्यांबरोबर नाही. पेट (बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी यांची घनता जवळजवळ सारखी, त्यामुळे पाण्याच्या टाकीत टाकून ते वेगळे होत नाहीत. पेट वितळतं २५० अंशांच्या पुढे, तोवर त्यात चुकून आलेल्या पीव्हीसीचा कोळसा झालेला असतो आणि अख्खा लॉट पिवळा पडतो. शेकोटीत टाकणं तर त्याहून वाईट: आम्लाचा धूर निघतो आणि अर्धवट जळताना डायॉक्सिन ही विषारी द्रव्यंही बनतात.